न आलेली काच

ग्रंथालयाच्या तळघरात खळ शिजू लागली की वर पेपर चाळत बसलेल्यांनाही समजायचं, मावशी कामावर आल्या. गव्हाचं सत्त्व पाण्यात कालवायचं, मंद आचेवर घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि चमच्यावरून ते सायीसारखं उतरायला लागलं की आच बंद. या खळीवर मावशींचं सगळं आयुष्य गेलं होतं. म्हणून त्या खळमावशी. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं, आणि तिथेही नवा कारकून ते वाचताना अडखळायचा, कारण ही कोण बाई हेच त्याला आठवत नसे.

त्या इथे आल्या तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं आणि काम होतं कपाटांवरची धूळ पुसण्याचं. तळघरात तेव्हा एक म्हातारे बाइंडर बसत. या पोरीनं जमिनीवर पडलेलं एक जीर्ण पान उचललं, ते तान्ह्या बाळाला उचलावं तसं, दोन्ही हात खाली घालून. बाइंडर म्हणाले, "धूळ कोणीही पुसेल. तू इकडे ये." ती जी त्यांच्या टेबलापाशी आली ती आलीच. फाटलेलं सांधायचं, कसरीनं खाल्लेलं बुजवायचं, सुटलेलं शिवायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. खळ नेहमी अशी लाव, की उद्या कोणाला ती काढावीशी वाटली तर ओल्या बोळ्यानं सुटून आली पाहिजे, असं ते सांगत. आणि आणखी एक सांगत, "पाखराची चोच कसरीनं खाल्ली असेल तर भोक बुजव, जुन्या कागदाच्या रंगाचा कागद लाव, पण चोच काढायला जाऊ नकोस. चोच काढणारा माणूस वेगळा होता. तो गेला."

मावशींनी हे शब्द जन्मभर पाळले. बाइंडरांकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली, ती म्हणजे जीभ. बोट ओलं करून पान उलटणारा वाचक दिसला की मावशी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट घालणाऱ्यांना त्या माफ करत, कारण यजमान बसवर ड्रायव्हर होते. पण पानाचा कोपरा दुमडणाऱ्याची खैर नव्हती. लोक त्यांना घाबरत आणि त्यांच्याशिवाय कोणाचं पानही हलत नसे.

ग्रंथालयाकडे एक मोठा जुना चित्रसंग्रह होता. फार पूर्वी कोणा हौशी मंडळींनी पाखरं, मासे, फुलपाखरं, वेली, किडेमुंग्या असं सगळं चितारून घेतलं होतं. रेषा छापलेल्या, पण रंग एकेका पानावर हातानं भरलेले. संग्रह इतका जड की एकट्यानं उचलवत नसे. तो कुलपात पडून होता, आणि कुलूप माणसांना अडवतं, ओलीला आणि कसरीला अडवत नाही. नव्या ग्रंथपालबाई आल्या, त्यांनी कुलूप उघडलं आणि आतली दशा पाहून मटकन खाली बसल्या. मग उठून म्हणाल्या, "हे लोकांना दाखवायचं. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं त्यानं यावं." आणि त्या तडक तळघरात गेल्या. "मावशी, हे तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

मावशींच्या निवृत्तीआधीचं हे शेवटचं मोठं काम होतं. त्या दिवशी त्यांच्या हातून खळ जरा तळाला लागली.

आता या संग्रहाशी मावशींचं एक जुनं नातं होतं. त्या नव्या नव्या असताना बाइंडरांनी एकदा तो उघडून एक पान दाखवलं होतं. पाण्यावर वाकलेली फांदी, फांदीवर एक लहानसं पाखरू, आणि ते निळं. इतकं निळं की पुढे केलेलं बोट त्या पोरीनं मागे घेतलं, रंग ओला असेल म्हणून. बाइंडर हसले होते. पुढे दोन मुलं झाली, ती मोठी होऊन लांब गेली, सासूबाई गेल्या, बाइंडर गेले, पण ते निळं पाखरू मावशींच्या मनात तसंच बसून होतं. आणि आता पानं मोकळी करताना ते समोर आलं, तर काय! मातकट, राखाडी. चिमणीसुद्धा याच्यापेक्षा बरी.

"निळा गेला हो," मावशी म्हणाल्या. "ओलीनं खाल्ला."

ग्रंथपालबाईंनी पानाकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हं."

मावशी कामाला लागल्या. भोकांसाठी नवा कागद जुन्या पानाशेजारी धरून बघायचा, जुळत नसेल तर पातळ रंगाच्या पाण्यातून काढून वाळवायचा, जुळला की भोकाच्या आकाराचं ठिगळ फाडून मागून खळीनं बसवायचं. कात्री नाही, फाडायचंच, म्हणजे कडेचे धागे जुन्या कागदात मिसळतात. मावशींच्या बोटांना हे सांगावं लागत नसे. एकेक पान त्यांच्या हातून निघत होतं आणि ग्रंथपालबाई प्रत्येक पान उजेडाला धरून म्हणत होत्या, "मावशी, सांधा सापडत नाही हो."

एवढंच म्हणत. रंगाबद्दल काही म्हणत नसत.

डोळ्यांचा विषय मावशींपुढे काढायची सोय नव्हती. त्यांच्या आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी बिघडलं होतं. नंतर आत्या भिंत चाचपत चालायची, आणि ते चाचपणं मावशींनी लहानपणी पाहिलं होतं. एकदा पावत्या देणाऱ्या बाईंनी "मावशी, डोळे दाखवून घ्या ना" असं नुसतं म्हटलं, तर मावशींनी ब्रश धुतले, पुसले, ठेवून दिले आणि म्हणाल्या, "मग मी घरीच बसते." चांगल्या आठवडाभर बसल्या. ग्रंथपालबाई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या. तेव्हापासून ग्रंथालयात डोळा हा शब्द कोणी उच्चारत नसे.

घरी यजमान मात्र धीर करायचे. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं आणि भाकरी हातात असली की त्यांना जरा बळ यायचं.

"अगं, एकदा दाखव तरी."

"प्रदर्शन होऊ दे. मग दाखवते. आत्ता मध्येच काही झालं तर ती पानं कोण करणार, तुम्ही?"

यजमान भाकरी उलटायचे.

पानं पूर्ण झाली. पण प्रदर्शन काही होईना. का, तर काच आली नाही. पेट्यांसाठी खास काच हवी होती, उन्हानं रंग उडू न देणारी, आणि काचवाला ती देतच नव्हता. आज म्हणे कारखाना बंद, उद्या म्हणे वाटेत फुटली, परवा म्हणे चुकीच्या मापाची आली. मावशींचा पारा चढायला लागला. त्यांनी काचवाल्याचा नंबर मिळवला आणि रोज खळ शिजत असताना त्याला फोन लावायला सुरुवात केली.

"अरे, काच आणतोयस की वाळू गोळा करतोयस अजून?"

"येईल मावशी, येईल."

"मी मेल्यावर येईल! तुझ्या दुकानाला काच आहे की नाही? की तिथेही गोणपाट लावलंय?"

"हो मावशी. नाही मावशी. पुढच्या आठवड्यात."

मावशी फोन ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "असला मठ्ठ माणूस जन्मात पाहिला नाही." आणि ऐकणारे सगळे कुठेतरी दुसरीकडे बघू लागत. ग्रंथपालबाईंना तर नेमका तेव्हाच खोकला येई.

हे किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. पण एक दिवस काचवाल्याच्या घरी काहीतरी बिनसलं होतं, त्याचा मुलगा आजारी होता, रात्रीची झोप नव्हती, आणि मावशींनी नेमका त्याच सकाळी त्याचा बाप काढला. तेव्हा तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "मावशी, काच कधीच आली आहे! तुमच्याच अडगळीच्या खोलीत उभी आहे. जाऊन बघा, आणि मला सोडा!" आणि त्यानं फोन ठेवला.

अडगळीची खोली मावशींच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी दार ढकललं. चादरींखाली काहीतरी उभं होतं. चादर ओढली तर काच. दुसरी ओढली तर पेटी, नीट सांधलेली, पॉलिश केलेली. सगळ्या पेट्या तयार होत्या. वर धूळ बसली होती, म्हणजे बराच काळ तयार होत्या. मावशींनी सवयीनं बोटानं धूळ पुसली. सगळं तयार असताना आपल्यापासून लपवून ठेवतात, म्हणजे आपल्याला नकळत बाजूला काढायचं चाललंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या जिना चढून थेट ग्रंथपालबाईंच्या खोलीत गेल्या.

"काच आली आहे," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालबाईंनी खोकायचा प्रयत्न केला, पण आज खोकला येईना. त्यांनी दार लावून घेतलं. खणातून कागदाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"मावशी, रागवायचं ते नंतर रागवा. यातला जुना कोणता आणि नवा कोणता?"

मावशींनी हात पुढे केला.

"हात नाही लावायचा. नुसतं बघून सांगा."

मावशींनी पाहिलं. वाकून पाहिलं. खिडकीकडे तोंड करून पाहिलं. दोन्ही सारखेच, दुधाळ चहासारखे.

"दोन्ही जुने आहेत. यात काय सांगायचं?"

"आता हात लावा."

मावशींनी एका तुकड्यावर बोट फिरवलं. ठीक होतं. दुसऱ्यावर फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. गुळगुळीत, कोरा, गठ्ठ्यातून आत्ताच काढलेला. बोटं कधी खोटं बोलत नसत. त्यांनी पुन्हा पाहिलं, तरी तो जुनाच दिसत होता.

"किती पांढरा आहे?" त्यांनी विचारलं.

"दुधासारखा."

मावशींनी बोट उचललं. मग विचारलं, "माझी ठिगळं?"

"पांढरी आहेत मावशी. सगळीच."

मावशी खुर्चीत बसल्या. इतक्या पानांवर, मासोळीच्या शेपटीशी, फुलपाखराच्या पंखाशी, आपण पांढरे डाग लावत बसलो, आणि जुळलं जुळलं म्हणत मान डोलावत होतो. त्यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"काचवाल्यालाही?"

"त्याला आम्हीच सांगितलं होतं, मावशींनी विचारलं तर काच आली नाही म्हणायचं. तुम्ही म्हणत होतात प्रदर्शन झाल्यावर डोळे दाखवीन. मग आम्ही ठरवलं, तुम्ही डोळे दाखवेपर्यंत प्रदर्शन करायचं नाही. आता कोण आधी दमतं ते बघायचं होतं." ग्रंथपालबाई हसायला गेल्या, पण त्यांचेच डोळे भरले. "समितीनं दोनदा बोलावून झापलं मला. म्हणाले, बाहेरचा माणूस आणा, एवढासा रंग तर द्यायचाय. मी नाही म्हटलं. सांधे तुमचे आहेत मावशी, त्यात एक चूक नाही. रंग वरून देता येतो. पण तो दुसऱ्याच्या हातानं दिला असता तर तुम्ही त्या पानांकडे पुन्हा पाहिलं असतंत का?"

मावशींनी दोन्ही तुकडे परत सरकवले. त्या उठल्या आणि वेळेआधीच घरी गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खळीचं भांडं न घासता ठेवलं.

घरी त्यांनी यजमानांना एकच प्रश्न विचारला. "तुम्हालाही ठाऊक होतं?"

यजमानांनी गॅस बंद केला. "हो."

"आणि मला वेड्यासारखं त्या माणसाला बोलू दिलंत?"

"हे बघ," यजमान म्हणाले. "गाडी सुटायची वेळ झालेली असायची. आत बसलेले ओरडायचे, चला, चला. पण आरशात कोणी धावत येताना दिसलं तर मी थांबायचो. शिव्या खायचो, पण थांबायचो. धावणाऱ्याला ते कळायचंसुद्धा नाही. त्याला वाटायचं, नशिबानं गाडी मिळाली."

मावशी रडल्या. थोड्या अपमानानं, थोड्या आत्याच्या आठवणीनं, आणि बऱ्याचशा अशासाठी, की एवढी माणसं आपल्यासाठी थांबून राहिली होती आणि आपण मात्र त्यांना हळू चालता म्हणून बोलत होतो. मग नाक पुसून म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात चला."

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता आत्याच्या वेळेसारखं नव्हतं. मावशी भीतीनं नर्सचा हात धरून होत्या, ती तो सोडा म्हणेपर्यंत काम झालंही होतं. पट्टी निघाली, घरी आल्या, आणि पहिली बळी पडली ती यजमानांची अब्रू.

"अहो, हा ओटा कधी पुसला होता?"

"रोज पुसतो."

"रोज? हे तेलाचे ओघळ आजचे आहेत?" मग त्यांची नजर यजमानांच्या डोक्याकडे गेली. "आणि हे केस? एवढे पांढरे कधी झाले?"

"तू माझ्याकडे बघायचं सोडलंस तेव्हापासून," यजमान म्हणाले. त्यावर मावशी चक्क लाजल्या, या वयात.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या तळघरात गेल्या. सगळे आपापल्या जागी अगदी कामात असल्यासारखे बसले होते. मावशींनी पानांची पेटी उघडली. ठिगळं होती, पांढरीशुभ्र, जखमेवरच्या पट्ट्यांसारखी. एकेक पान बाजूला ठेवत मावशी त्या फांदीपर्यंत आल्या.

पाखरू निळं होतं.

तेच निळं. बोट मागे घ्यायला लावणारं. ओलीनं त्याला हातही लावला नव्हता. इतके महिने ते तसंच निळं बसून होतं आणि त्या त्याच्यासाठी हळहळत होत्या. मावशींनी आपोआप बोट पुढे केलं आणि आपोआप मागे घेतलं. मग जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "अहो बाई, खाली या! निळा आहे! निळा कुठेही गेलेला नाही!"

ग्रंथपालबाई जिना उतरून आल्या आणि जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या म्हणाल्या, "खरंच की."

पुढचे दिवस मावशींनी रंग देण्यात घालवले. पातळ रंग, जवळजवळ कोरडा ब्रश, आणि रंग फक्त ठिगळावर. जुन्या कागदावर त्याची छटासुद्धा जाता कामा नये. लांबून डोळ्याला खटकू नये आणि जवळून पाहणाऱ्याला फसवू नये, इतपतच. पाखराच्या चोचीच्या जागी चोच आली नाही, जुन्या कागदासारखा शांत कागद आला. काम करताना त्या कोणावर ओरडल्या नाहीत. लोकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं.

प्रदर्शन उघडलं. दालनात पेट्या मांडल्या होत्या, पडदे ओढून उजेड मंद केला होता. ज्याला यायचं तो आला. शाळेतली मुलं, बाजारातून पिशव्या घेऊन परस्पर आलेल्या बाया, वर पेपर चाळणारे म्हातारे, भाषण झाल्यावरही थांबलेली समिती. लोक काचेवर वाकत आणि कुजबुजत, जणू पाखरं उडून जातील. मावशी एका कोपऱ्यात उभ्या होत्या, नवे कपडे घालून, आणि कोणी काचेला बोट लावलं तरी काही बोलत नव्हत्या.

काचवाला उशिरा आला. दाराशी रेंगाळला. मावशींना बघून त्याचा चेहरा पडला, आणि त्याला बघून मावशींचा. सकाळपासून घोकलेलं भाषण त्यांना आठवेना.

"मुलगा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे आता. त्या दिवशी मी फोनवर जरा..."

"बरं झालं बोललास. तू बोलला नसतास तर मी अजून फोनच लावत बसले असते." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी तुला नाही नाही ते बोलले रे. आणि तू माझ्यासाठी ऐकून घेत होतास. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार कसले मावशी." काचवाला काचेकडेच बघत राहिला. "तुमच्या शिव्या ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचं काही वाटेनासं झालंय."

मावशी त्याला निळ्या पाखराकडे घेऊन गेल्या. मग फुलपाखरांकडे, मग माशांकडे. त्यानं आजवर फक्त काच पाहिली होती, चरा आहे का, डाग आहे का. आता पहिल्यांदाच तो काचेतून आत पाहत होता. शेवटच्या पेटीपाशी तो थांबला, वाकला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, माशाच्या शेपटीपासून दूर, नखाएवढं एक ठिगळ दुधासारखं पांढरं होतं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, जणू त्यालाच धास्ती वाटली, "इथलं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"का?"

"तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबलात ना," मावशी म्हणाल्या, "ते कुठेतरी दिसायला नको?"

पलीकडे ग्रंथपालबाई पाहुण्यांना मासे दाखवत होत्या. ते ठिगळ त्यांनी पेटी बंद होण्याआधीच पाहिलं होतं. पण मावशींच्या ठिगळांबद्दल गप्प बसायची त्यांना आता सवयच झाली होती. काचवाल्यानं खिशातलं मऊ फडकं काढलं, काचेचा तेवढा कोपरा दोनदा पुसला, आणि मावशींना नीट दिसावं म्हणून बाजूला झाला.